एका फेरीचा एकच फोटो

गळ्यात हातभर लांब लेन्स अडकवून फिरणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं. आमच्या बीड जिल्ह्यात ती उन्हाळ्यात येतात. पुण्याहून निघायचं, एसी गाडीतून उतरायचं, डोक्याला रुमाल बांधायचा आणि दुष्काळ शोधायला लागायचं. एका वर्षी पाऊस बरा झाला होता, विहिरींना पाणी होतं, तर त्यांतल्या एकाचं तोंड असं उतरलं की जणू आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला फसवलं. भेगा पडलेली जमीन इथं कुठं मिळेल, असं त्यानं मला विचारलं. चप्पल काढून माझ्या टाचा दाखवाव्यात असं मनात आलं होतं. पण मी पडलो सभ्य माणूस, केजमधल्या एका कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून त्याला परळीचा रस्ता दाखवला. परळीला जाऊन ही मंडळी काय करतात तेही मला ठाऊक आहे. वीज केंद्राच्या चिमणीच्या टोकावर सूर्य नीट बसेपर्यंत थांबतात, आणि बसला की एकमेकांना टाळ्या देतात. चिमणीवर सूर्य ठेवलेला फोटो मी इतक्या जणांच्या मोबाइलवर पाहिलाय की आता खरा सूर्य मावळताना मला कंटाळा येतो.

आमच्याकडचे हौशी तरी कुठं कमी आहेत? नारायणगडाच्या जत्रेत ते एखाद्या गच्चीवर चढून बसतात आणि तिथून खालच्या भाविकाच्या कपाळावरचा घाम ओढून घेतात. पायाला धूळ लागत नाही, कुणाशी दोन शब्द बोलावे लागत नाहीत. घरी येऊन त्याखाली 'श्रद्धा' असं लिहायचं, की झालं. मी त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. कुणी फोटो टाकला की खाली अंगठ्यांची रांग लागते. मी कधी अंगठा दिला नाही आणि ग्रुपही सोडला नाही.

माझा कॅमेरा शर्टाच्या खिशात मावतो. एवढ्या पैशात बरी मोटारसायकल आली असती, पण दिसायला तो साबणाच्या वडीएवढा. त्याला झूम नाही. लेन्स वाइड आहे, म्हणजे डोळ्याला दिसतं त्याच्यापेक्षा जास्त पसारा ती आत घेते. जवळची वस्तू मोठी करते, लांबची पार बारीक करून टाकते, आणि फोटोच्या कडेला उभा असलेला माणूस ताणला जातो. या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा तर माणसाच्या अंगाचा वास येईल इतकं जवळ जावं लागतं. त्याचाच मला गर्व होता. गच्चीवरून घाम ओढणाऱ्यांपेक्षा मी वेगळा, हे सांगायला माझ्या खिशात पुरावा होता.

माझ्या बायकोचं मत वेगळं होतं. तिच्या भाचीच्या लग्नात मी काढलेल्या फोटोंत तिची वहिनी कडेला उभी होती आणि ती दीडपट रुंद आली होती. त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस चालली. "तुमच्या कॅमेऱ्यात पुढच्याचं नाक वांग्याएवढं आणि मागच्याचं तोंड मोहरीएवढं येतं," ती म्हणाली. "लग्नाकार्याला नका आणत जाऊ तो." मी तिला फोटोतलं काही कळत नाही असं ठरवून मोकळा झालो. ती शाळेत गणित शिकवते. लहानमोठं तिला चांगलं कळतं.

सुट्टीच्या दिवशी मी मोटारसायकल काढून जिल्ह्यात फेरी मारायचो, कधी एकाच दिवसाची, कधी शनिवार-रविवार मिळून. फेरीला एक नियम होता आणि तो मी कधी मोडला नाही. एका फेरीचा एकच फोटो ठेवायचा. बाकीचे पुसून टाकायचे, तेही घरी पोचायच्या आत. परतताना एखाद्या टपरीवर चहा सांगायचा आणि बायका सुपात ज्वारी घेऊन खडे निवडतात तसा मी कॅमेरा मांडीवर घेऊन एकेक फोटो उडवत बसायचो. लोक हजारोंनी फोटो साठवतात आणि पुन्हा कधी उघडून बघत नाहीत. त्यांना मी मनातल्या मनात भंगारवाले म्हणायचो. माझ्याकडे सात-आठ वर्षांच्या फेऱ्यांचे फोटो मिळून एक पातळ फाईल झाली होती, आणि ती मी घरी येईल त्याला दाखवायचो.

त्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा झाला होता. नांदूरघाटच्या पुढच्या एका वस्तीवरचे लोक रविवारी सकाळी ऊसतोडीला निघणार असं कळलं, म्हणून मी शनिवारी दुपारीच तिथं गेलो. एका पत्र्याच्या घरासमोर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या आणि सामान भरणं चाललं होतं. पाण्याचे ड्रम, बाजरीची पोती, ताडपत्री, कोपीचे बांबू, तीन शेळ्या. कोपी म्हणजे फडाजवळ सहा महिने राहायची खोपटी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या घरातला कोयता म्हणजे तिशीतलं एक जोडपं. नवऱ्यानं मोटारसायकल चालू केली होती आणि बायको ठेवणीतलं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून मागं बसत होती. सगळी माणसं पोती उचलत असताना ही कुठं निघाली, म्हणून मी विचारलं.

नांदूरघाटला स्टुडिओत निघालो, असं तिनं सांगितलं. ओसरीत तिची सासू बसली होती आणि तिच्या मांडीवर एक दीड-पावणेदोन वर्षांची पोरगी भाकरीचा तुकडा चोखत होती. पोरीनं नुकतंच अंगावरचं सोडलं होतं आणि यंदा पहिल्यांदा तिला आजीजवळ ठेवून ही दोघं जाणार होती. थोरला मुलगा आता आश्रमशाळेत होता, पण तो एवढा असताना त्यालाही असंच ठेवलं होतं. सहा महिन्यांनी परत आल्यावर तो आईला पाहून आजीच्या पदराआड गेला आणि महिनाभर तिच्या हातचा घास त्यानं घेतला नाही. हे तिनं मला जसं घडलं तसं, रडगाणं न लावता सांगितलं. मोबाइल त्यांच्याबरोबर जाणार होता आणि सासूकडे साधा बटनाचा फोन होता. म्हणून तिला भिंतीवर लावायला कागदाचा फोटो हवा होता. सासू रोज पोरीला तो दाखवणार होती.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण तो स्टुडिओ मी पाहिलेला होता. मागं धबधब्याचा पडदा, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी, वर दोन ट्यूबलाइट, आणि हनुवटी वर, हनुवटी खाली असं ओरडणारा मालक. तिथून बाहेर पडलेला प्रत्येक फोटो पंचनाम्यासारखा दिसतो. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. स्टुडिओत कशाला जाता, मी इथंच काढतो, तुमच्या घरासमोर, चांगल्या उजेडात, असं म्हणालो. मोठा करून, काच लावून, स्वतः आणून देतो म्हणालो. खिशातून कॅमेरा काढून दाखवला. तो एवढासा पाहून नवऱ्याला शंका आली, तेव्हा मी त्याची किंमत सांगितली. नवऱ्याला ट्रॉलीसाठी दोर आणायला जायचंच होतं, एकट्यानं गेला तर लवकर होणार होतं. ती मोटारसायकलवरून उतरली, आणि फोटोपुरती त्यानंही गाडी बंद केली.

दोघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात सरळ खाली, शाळेत राष्ट्रगीताला उभं राहतात तशी. मला ते बघवेना. जरा मोकळे व्हा, पोरीकडे बघून हसा, बोलत राहा, असं मी सांगून पाहिलं. नवरा बिचारा हसायला लागला, पण ती हलली नाही.

"तिकडं बघितल्यावर तोंड कसं दिसंल, सर?" ती म्हणाली. "सरळ काढा. तोंड मोटं येऊ द्या. पोरीला वळखाया आलं पायजे, दुसरं कायबी नगं."

मी नाइलाजानं जवळ गेलो आणि त्यांना मधोमध धरून एक फोटो काढला. नाकं जरा मोठी आली, पण चेहरे दोन्ही स्वच्छ होते. पडद्यावर दाखवला तर तिनं कॅमेरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग सासूला दाखवला, पोरीच्या नाकासमोर धरला. पोरीनं पडद्यावर भाकरीचा हात मारला.

"हां, ह्योच द्या," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. ओठांतल्या ओठांत म्हणालो असतो तर आज सांगायला बरं पडलं असतं. मी चांगलं मोठ्यानं हो म्हणालो होतो.

रात्री मी नांदूरघाटलाच एका ओळखीच्या मास्तरकडे मुक्काम केला आणि सकाळी उजाडायला पुन्हा वस्तीवर गेलो. ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला होता, नारळ फुटला होता, ड्रायव्हरनं टेपवर गाणं मोठं करून ठेवलं होतं. मी ट्रॅक्टरच्या पुढं धुळीत गुडघ्यावर बसलो, डाव्या दिव्याला जवळजवळ गाल लावून. तिथून पाहिल्यावर मला काय दिसलं ते सांगतो, कारण ते खरंच फार देखणं होतं. गोल दिवा अर्धा फोटो व्यापून, त्याच्या काचेत सकाळचं ऊन. त्यावर लोंबणारी झेंडूची माळ. मग मागं मागं निमुळत्या होत गेलेल्या ट्रॉल्या, ड्रम, बांबू, शेळ्यांची शिंगं, आणि अगदी शेवटी सगळ्या सामानाच्या वर बसलेली ती दोघं, ताटातून सांडलेल्या दोन दाण्यांएवढी. वर नुसतं आभाळ. असा फोटो माझ्यासारख्याला उभ्या जन्मात दोन-तीनदा मिळतो. बटण दाबलं तेव्हाच मला कळलं होतं.

ट्रॅक्टर हलला तेव्हा तिनं वरून मला सांगितलं, सर, फोटो तेवढा आठवणीनं द्या. मी हात वर केला. पोरगी आजीच्या कडेवर होती. तिचं सगळं लक्ष गाण्याकडे होतं.

नांदूरघाटच्या टपरीवर चहा घेता घेता मी बाकीचे फोटो उडवले आणि शेवटी दोन उरले. एक दिव्याचा आणि एक भिंतीपुढचा. भिंतीपुढचा मी पुन्हा नीट पाहिला. त्यात काहीच नव्हतं. फक्त दोन चेहरे होते. आधार कार्डावर शोभला असता. आणि दुसऱ्या फोटोत तर ती दोघं होतीच की, शिवाय ट्रॅक्टर होता, माळ होती, आभाळ होतं. त्या बाईनं मागितलं त्याच्या दसपट आपण तिला देतोय असं मला वाटलं. मनात आणखीही काही होतं, तेही लिहून टाकतो. तिला फोटोतलं काय कळतं, असं मला वाटलं होतं. मी भिंतीपुढचा फोटो पुसला आणि चहाचा दुसरा कप सांगितला.

दिव्याचा फोटो मी बीडला मोठा करून घेतला, काळी चौकट आणि काच लावून. त्याच सुमाराला आमच्या ग्रुपवाल्यांचं प्रदर्शन भरणार होतं, म्हणून तो आधी तिथं लावला. लांब लेन्सवाले सगळे त्याच्यासमोर थांबले. एकानं माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. यांच्या कौतुकाला मी काडीची किंमत देत नाही असं मी बायकोला घरी आल्यावर सांगितलं, आणि कोण काय म्हणालं तेही सगळं सांगितलं. या सगळ्यात महिना गेला. मग चौकट मोटारसायकलवर मागं बांधून मी वस्तीवर गेलो.

सासूनं ती दोन्ही हातांनी लांब धरून पाहिली. ट्रॅक्टर लई झ्याक आलाय, म्हणाली. मग पुन्हा पाहिली आणि विचारलं, "ह्यात माझी सून कुटं हाय?"

मी काचेवर नखानं दाखवलं. म्हातारीनं नख होतं तिथं डोळे बारीक करून पाहिलं. आस्सं, म्हणाली. तिला वाटलं असावं की आपल्याच डोळ्यांचा दोष आहे. शिकलेल्या माणसानं, एवढा खर्च करून, काच लावून आणलेल्या फोटोत दुसरं काही चुकलं असेल असं तिच्या मनात आलं नाही. तिनं मला चहा केला, आणि मी खुर्चीवर चढून चौकट खिळ्याला लावून दिली. पोरीला नीट दिसावी म्हणून जरा खालीच लावली.

सून फोन करायची तेव्हा सासू पोरीला घेऊन त्या फोटोसमोर बसायची. फोन पोरीच्या कानाला लावायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं फोटो दाखवायचा, ही बघ तुझी माय बोलायली. रोज एकदा तरी हे व्हायचं. हे मला नंतर कळलं.

गुढीपाडवा झाल्यावर ती माणसं परत यायची होती. मी नवऱ्याचा नंबर घेऊन ठेवला होता आणि मीच त्याला फोन करकरून दिवस विचारला. मला जोडी हवी होती. जातानाचा फोटो आणि येतानाचा फोटो, शेजारीशेजारी. लांब लेन्सवाल्यांच्या सात पिढ्यांना असं सुचलं नसतं, असंही मनात होतं.

दुपारी चारच्या सुमाराला ट्रॅक्टर वस्तीवर आला. उन्हानं सगळं पांढरं पडलं होतं. मी आधीच वाटेवर गुडघ्यावर बसलो होतो. म्हातारी पोरीला कडेवर घेऊन उभी होती, पण ट्रॅक्टर दिसताच पोरीनं अशी उसळी मारली की तिला खाली सोडावंच लागलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ती मागच्या ट्रॉलीवरून उतरून ट्रॅक्टरच्या पुढं आली. सहा महिन्यांत काळी आणि वाळलेली झाली होती. तिनं पोरीला धावत येताना पाहिलं आणि होती तिथंच, धुळीत, उकिडवी बसून दोन्ही हात पसरले. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी सांगत नाही, मला सांगता येणार नाही.

पोरगी तिच्या हाताला घासून पुढं गेली. सरळ ट्रॅक्टरपाशी गेली, टाचा उंचावून दोन्ही पंजे डाव्या दिव्यावर ठेवले आणि म्हणाली, "माय."

मी बटण दाबलं. विचार करून नाही, हात आपोआप गेला.

ड्रायव्हर आधी हसला. पोरीला ट्रॅक्टर लई आवडला बे, असं नवऱ्याला म्हणाला. आणखी एक-दोघं हसले. पोरीनं दिव्याखालच्या पत्र्याला गाल लावला आणि पुन्हा म्हणाली, माय. मग हसणं थांबलं. आई उठून आली, तिनं पोरीला मागून उचललं, तर पोरीनं एवढा आकांत केला की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. तिचे दोन्ही हात दिव्याकडे होते.

"म्या रोज दावत होते गं," म्हातारी म्हणाली. "कावून अशी करायली, कळंना मला. रोज फोटोम्होरं बसवत होते हिला."

सून पोरीला सासूकडे देऊन घरात गेली. फोटो तिनं त्या वेळी पहिल्यांदा पाहिला. आत किती वेळ होती ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी चिडलेल्या माणसांना पुरून उरतो.

"सर, त्यो भिंतीम्होरचा फोटो कुटं हाय?" तिनं विचारलं.

तो खराब आला होता, म्हणून दुसरा दिला, असं मी म्हणालो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पुस्तकांत नोकरी केलेला, आणि मी त्या बाईच्या तोंडावर खोटं बोललो.

"चांगला आलता की," ती म्हणाली. "मी बगितला व्हता."

मी म्हणालो, आत्ता परत काढतो, तसाच, भिंतीपुढं. तिनं मान हलवली. नगं, आमी स्टुडिओत जाऊ, म्हणाली, आणि ट्रॉलीवरचा ड्रम उतरवायला नवऱ्याला हात लावायला गेली. मला कुणी जा म्हणालं नाही. पण मी तिथं उभा राहिलो तर माणसांना सामान घेऊन मला वळसा घालून जावं लागत होतं, म्हणून मी निघालो.

त्या फेरीचाही एकच फोटो माझ्याकडे आहे. तो पुसायला मी तीन-चारदा बसलो आणि पुसला नाही. फोटो म्हणून त्यात खोट काढता येत नाही. दिवा आहे, त्याला बिलगलेली पोरगी आहे, तिच्या फ्रॉकवरचं ऊन आहे. डाव्या अंगाला, अगदी कडेला, धुळीत उकिडवी बसून हात पसरलेली तिची आई आहे. कडेला आल्यामुळे ती ताणली गेली आहे आणि तिचं तोंड ओळखू येत नाही.